उजेड पानावरच पडला पाहिजे

घरात हायड्रोपोनिक्सने, म्हणजे मातीशिवाय नुसत्या खतपाण्यावर, एलईडी दिव्याखाली वाढवलेलं पहिल्या खेपेचं लेट्यूस कापलं त्या दिवशी मी एक काम केलं जे खरं तर सुरुवातीपासून करायला हवं होतं. पानं वजनकाट्यावर ठेवली, प्लगमध्ये लावायचं वीज मोजणारं छोटं मीटर असतं ना ते शेजारी ठेवलं आणि दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले. पानं दीड किलो. वीज ३० युनिटला थोडी कमी, ४५ दिवसांची सगळी मिळून. म्हणजे एक किलो लेट्यूसमागे जवळजवळ २० युनिट. मला वाटलं दशांश चिन्ह चुकलं असेल म्हणून परत मोजलं, पण आकडा बरोबरच होता.

सेटअप लावला तेव्हाच दादाने विचारलं होतं, "तुझं ते पाण्यावरचं शेत छान दिसतंय, पण वीज किती खातंय ते मोजलंस का?" मी म्हटलं, "अरे दादा एलईडी आहे, कितीशी खाणार!" आणि विषय तिथेच संपवला होता. त्याचा प्रश्न बरोबर होता. आज जे लिहितेय ते सगळं त्या एका प्रश्नामागे लागून शिकलेलं आहे. दुसऱ्या खेपेला तोच आकडा किलोमागे साडेआठ युनिटवर आला, आणि त्यासाठी मी कुठलंही महाग यंत्र आणलेलं नाही, फक्त उजेड वाया कुठे जातोय ते शोधलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण घरातल्या हायड्रोपोनिक्सबद्दल बोलताना ती नेहमी बाजूला राहते. पाणी वाचतं, हे अगदी खरं आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ॲरिझोनामधल्या युमा भागासाठी लेट्यूसचा हिशोब मांडला होता, शेतात किलोमागे साधारण २५० लिटर पाणी आणि हायड्रोपोनिक्समध्ये साधारण २० लिटर, शिवाय तेवढ्याच जागेत उत्पन्न जवळपास दहापट. इथपर्यंतचा भाग सगळे सांगतात. त्याच हिशोबात पुढे ऊर्जा पण दिलीय, शेतात किलोमागे ११०० किलोज्यूल आणि हायड्रोपोनिक्सला ९०,००० किलोज्यूल, म्हणजे ८० पटीहून जास्त. ९०,००० किलोज्यूल म्हणजे २५ युनिट. माझे २० युनिट बघितल्यावर मला हा आकडा एकदम जवळचा वाटायला लागला.

पण त्यात एक मोठा फरक आहे. तो हिशोब ग्रीनहाऊसचा होता आणि त्यातली सगळ्यात जास्त ऊर्जा गरम आणि गार करण्यात जात होती, वाळवंटी प्रदेश आहे तो. घरात आपण राहतो त्या खोलीचं तापमान लेट्यूसला तसं चालतंच, त्यामुळे तो खर्च आपल्या डोक्यावर नाही. उलट तिथे सूर्य फुकट होता आणि आपल्याला घरात सूर्य विकत घ्यावा लागतो. म्हणजे घरातल्या हायड्रोपोनिक्समध्ये वीज वाचवायची तर ती मुख्यतः एकाच ठिकाणी वाचते, दिव्यात. बाकी पंप, पंखा वगैरे नंतरचं, जरी माझ्याकडे पंपानेही बरीच वीज खाल्ली होती, ते पुढे सांगते.

आणि एक सांगायचं तर पोट भरायला हे करूच नका. एक किलो लेट्यूसमध्ये कॅलरी साधारण १५० असतात, ते बहुतेक पाणीच असतं, ९५ टक्के. विजेच्या भाषेत १५० कॅलरी म्हणजे ०.१७ युनिट. त्यासाठी साडेआठ युनिट घातले तरी हिशोब कुठल्याच अर्थाने ऊर्जेचा होत नाही. मी हे करते ते कापल्यावर पाच मिनिटांत ताटात येणाऱ्या पानासाठी, त्या कुरकुरीतपणासाठी, आणि सकाळी उठल्यावर पहिल्यांदा मुळं बघायला जाते त्यासाठी. हे मला पुरेसं कारण वाटतं. पण म्हणूनच वीज उधळायची नाही, एवढंच माझं म्हणणं.

तर उजेड. आपल्या डोळ्यांवर इथे अजिबात भरवसा ठेवू नका. डोळे इतके जुळवून घेतात की खोलीत छान उजेड आहे असं आपल्याला वाटतं तेव्हा तिथे ३०० ते ५०० लक्स असतात, आणि बाहेर भर दुपारच्या उन्हात १ लाखाच्या आसपास. रोपासाठी लक्स हे मापच तसं चुकीचं, कारण लक्स माणसाच्या डोळ्याला किती दिसतं ते सांगतं. रोपाला लागतात ते ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण, आणि दर सेकंदाला एक चौरस मीटरवर असे किती कण पडतात ते मायक्रोमोलमध्ये मोजतात (मोल हे कण मोजायचं एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग), त्याला पीपीएफडी म्हणतात. खरं मोजणारं मीटर महाग असतं. पांढरा एलईडी असेल तर फोनमधल्या लक्स मीटरचा आकडा साधारण ७० ने भागायचा, ढोबळ अंदाज येतो, आणि घरच्या कामाला ढोबळ पुरतो. म्हणजे आपल्या त्या "छान उजेडाच्या" खोलीत पीपीएफडी असतो ४ ते ७. लेट्यूसला हवा २००. म्हणूनच कपाटावर ठेवलेली रोपं लांबच लांब, पांढुरकी, मान टाकलेली होतात, ती उजेड शोधत वर धावत असतात.

दुसरं माप रोजचं आहे, डीएलआय, दिवसभरात एकूण किती प्रकाश मिळाला ते. पावसासारखं समजा, पीपीएफडी म्हणजे पाऊस किती जोरात पडतोय आणि डीएलआय म्हणजे दिवसभरात बादलीत किती साठलं. लेट्यूसला रोज १२ ते १७ मोल मिळाले की मस्त वाढतं, ८-९ मध्ये पण येतं पण हळू. गणित सोपं आहे, पीपीएफडी गुणिले तास गुणिले ३६००, भागिले दहा लाख. २०० चा उजेड १६ तास दिला तर साडेअकरा मोल झाले.

आता माझा सेटअप. ६० बाय ५० सेंटीमीटरचा एक खण, वर ३० वॅटचा पांढरा एलईडी बार, १४ तास चालू. दिव्यांच्या पेटीवर वॅट बघू नका, एका ज्यूलमागे किती मायक्रोमोल प्रकाश मिळतो ते बघा, तोच खरा ॲव्हरेज. साधे घरगुती एलईडी दीडच्या आसपास देतात, रोपांसाठीचे चांगले दिवे अडीच ते तीन. माझा अडीचचा आहे. ३० वॅट गुणिले अडीच म्हणजे सेकंदाला ७५ मायक्रोमोल. हे सगळे ०.३ चौरस मीटरच्या माझ्या खणात पडले तर पीपीएफडी २५० झाला पाहिजे. मी फोनने मोजलं तर बारा-साडेबारा हजार लक्स, म्हणजे १७५ च्या आसपास. उरलेले ७५ कुठे गेले? भिंतीवर, पडद्यावर, जमिनीवर, रात्री त्या खोलीत पुस्तक वाचता यायचं इतका उजेड बाहेर सांडत होता. मला ते आवडायचं सुद्धा, घरात कसं प्रसन्न वाटतं म्हणून. मग लक्षात आलं की विजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा मी भिंतींना खाऊ घालतेय.

उपाय इतका साधा निघाला की लिहितानाही छान वाटतंय. तीन बाजूंना पांढरे मॅट पुठ्ठे लावले, समोर एक पुठ्ठा वरून सोडला जो उचलून आत बघता येतं. बस. आरसा लागत नाही, चकचकीत फॉईलपण लागत नाही, सुरकुतलेल्या फॉईलपेक्षा साधा स्वच्छ पांढरा रंग उजेड जास्त सारखा पसरवतो. मोजलं तर १७५ चे २२० च्या पुढे गेले. १४ तासांच्या हिशोबाने डीएलआय पावणेनऊवरून अकराच्या वर, आणि त्यासाठी एक वॅटही जास्त गेला नाही. माझ्या मते घरात भाजी लावणाऱ्याने दिव्याच्या आधी पुठ्ठे आणावेत.

दिवा किती उंचीवर ठेवायचा हा दुसरा मुद्दा. एलईडी फार तापत नाहीत त्यामुळे पानांच्या वर १५-२० सेंटीमीटरपर्यंत आणता येतात, बार लांबट असेल तर अजून जवळ. मी पहिल्या खेपेला दिवा एकदा टांगला तो टांगलाच, रोपं वाढून त्याच्याजवळ येतील असं धरून, म्हणजे पहिले तीन आठवडे रोप इवलंसं आणि दिवा अर्ध्या मीटरवर. आता दोन दोऱ्या आणि सरकगाठ आहे, आठवड्यातून दोनदा उंची बदलते.

पण सगळ्यात मोठी उधळपट्टी वेगळीच होती आणि ती मला वही बघून कळली. बी रुजल्यावर पहिले दोन आठवडे रोप नखाएवढं असतं. माझ्याकडे बारा रोपं होती, प्रत्येक आपापल्या शेवटच्या जागी, मध्ये वीतभर अंतर सोडून, आणि वरून ३० वॅट. म्हणजे १५ दिवस रोज जो उजेड पडत होता त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त, रोपं ज्यात बसवलेली असतात त्या डब्यांच्या झाकणांवर पडत होता. झाकणं काही वाढत नाहीत! आता बारा रोपं एका हाताच्या पंज्याएवढ्या ट्रेमध्ये दाटीवाटीने ठेवते, वर ६ वॅटचा छोटा दिवा, आणि पानाला पान लागायला लागलं की मगच मोठ्या खणात हलवते. १५ दिवसांत मोठा दिवा सव्वासहा युनिट खायचा, छोटा सव्वा युनिट खातो. पाच युनिट सरळ वाचले. मोठे व्हर्टिकल फार्मवाले, म्हणजे दिव्यांखाली थरावर थर रचून शेती करणारे, पण हेच करतात, रोपं दोन-तीनदा हलवून अंतर वाढवत नेतात, कारण रिकाम्या जागेवर दिवा लावणं त्यांना परवडत नाही.

लेट्यूसचं बी लावताना एक सांगून ठेवते, त्याला रुजायलाही उजेड लागतो, खोल पुरू नका, ओल्या स्पंजच्या खाचेत वरच्यावर ठेवा. आणि खोली फार गरम असेल, ३० अंशांच्या आसपास, तर बरेच वाण रुजायचंच नाव घेत नाहीत, बी खराब आहे असं वाटून आपण टाकून देतो.

दिवा जास्त जोरात थोडा वेळ लावावा की मंद जास्त वेळ, हे मी खूप दिवस डोक्यात घोळवत होते. उत्तर असं की मंद आणि जास्त वेळ. कमी उजेडात पान प्रत्येक प्रकाशकणाचा जास्त चांगला उपयोग करतं, जोरात उजेड पडला की त्याची पचवायची ताकद कमी पडायला लागते आणि बराच उजेड उष्णता म्हणून जातो. शिवाय एलईडी पण मंद चालवला की थंड राहतो आणि एका ज्यूलमागे जास्त प्रकाश देतो. दोन्हीकडून फायदा. म्हणून डिमर असेल तर १० तास पूर्ण जोरात लावण्यापेक्षा १६ तास कमी करून लावा, डीएलआय तोच ठेवून. मात्र २४ तास नको, लेट्यूस लांब दिवस आणि उष्णता मिळाली की फुलोऱ्यावर जातं आणि पानं कडू होतात.

रंगाबद्दल सगळे विचारतात, ते जांभळे दिवे घ्यायचे का. त्यामागचं शास्त्र खरं आहे, लाल प्रकाशकणात ऊर्जा कमी असते, निळ्यात जास्त, त्यामुळे तेवढ्याच विजेत लाल कण जास्त बनतात आणि पान मात्र कण मोजून काम करतं. म्हणून चांगल्या दिव्यांमध्ये पांढऱ्यासोबत ६६० नॅनोमीटरचे लाल एलईडी असतात. पण पांढरा एलईडी स्वतःच निळ्या एलईडीवर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडाचे दुसरे रंग करणाऱ्या पदार्थाचा, थर देऊन बनतो, त्या निळ्या एलईडीसाठीच इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि पांढऱ्या उजेडात निळा, हिरवा, लाल सगळं येतं. हिरवा प्रकाश पानाला लागतच नाही असं म्हणतात ते चूक आहे, थोडा परावर्तित होतो पण बराचसा शोषला जातो आणि पानात खोलवर पोचतो. मी पांढरा वापरते कारण मला रोप खऱ्या रंगात दिसलं पाहिजे, पिवळेपणा कुठून सुरू झालाय हे जांभळ्या उजेडात कळत नाही आणि तेव्हा चार दिवस हातचे जातात.

आता पंप. पहिल्या खेपेच्या ३० युनिटमधले जवळजवळ ११ युनिट एका १० वॅटच्या पंपाने खाल्ले होते. १० वॅट म्हणजे काय, किरकोळ, असं वाटतं, पण तो २४ तास चालतो, रोजचे २४० वॅट-तास, ४५ दिवसांचे १०.८ युनिट. दिव्याच्या निम्म्याहून जास्त! पाणी फिरतं ठेवायलाच हवं असं माझ्या डोक्यात होतं कारण सगळीकडे पाइपांची चित्रं तशीच बघितली होती.

मग मला क्रॅटकी पद्धत सापडली. हवाई विद्यापीठातले बर्नार्ड क्रॅटकी यांनी ही विकसित केली आणि यात पंप नाही, पाण्यात बुडबुडे सोडणारा एअर स्टोन नाही, काहीच फिरत नाही. डबा पोषणद्रव्याने भरायचा, झाकणातल्या भोकात नेट पॉट, म्हणजे जाळीची छोटी कुंडी, बसवायचा, त्याचं बूड पाण्याला जेमतेम टेकेल असं. रोप जसं पाणी पितं तशी पातळी खाली जाते आणि वर जी मोकळी ओलसर जागा तयार होते तिथे मुळं वेगळ्या प्रकारची वाढतात, बारीक लव असलेली, हवेतून ऑक्सिजन घेणारी. खालची मुळं पाणी पितात, वरची श्वास घेतात. एका लेट्यूसला पूर्ण वाढीपर्यंत ४ लिटरच्या आसपास पाणी लागतं, तेवढा डबा असेल तर एकदा भरल्यावर कापणीपर्यंत हात लावावा लागत नाही. एकच काळजी, मध्येच कौतुकाने डबा परत काठोकाठ भरू नका. मी एका डब्यात भरला, वरची हवेतली मुळं बुडाली आणि दोन दिवसांत ते रोप पाण्यात उभं असूनही मलूल झालं. भरायचंच तर तळात थोडंसं.

क्रॅटकी सगळ्याला चालत नाही हेही खरं. टोमॅटोसारखं रोप इतकं पाणी पितं की डबा किती मोठा घ्यायचा हा प्रश्न पडतो. आणि पाणी गरम झालं की पंचाईत, २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशाला साडेसात, आणि त्याच वेळी मुळांची भूक वाढलेली असते. मग पिथियममुळे मुळं कुजण्याचा रोग येतो, मुळं तपकिरी, बुळबुळीत, वास येतो. पांढरी मुळं म्हणजे तब्येत चांगली. उन्हाळ्यात मी डबे खिडकीपासून लांब जमिनीवर ठेवते, लादीचा गारवा फुकट मिळतो. फिरतं पाणी हवंच असेल त्यांनी टायमर लावून पंप तासाला १५ मिनिटं चालवला तरी खर्च चौथाईवर येतो, फक्त पाइपात पाण्याचा पातळ थर वाहतो त्या पद्धतीत जपून, तिथे पाणी थांबलं की मुळं लवकर सुकतात.

डबा पारदर्शक नसावा, हे सगळे सांगतात आणि तरी मी पहिल्यांदा पारदर्शकच घेतला कारण मला मुळं बघायची होती. आठवड्यात पाणी हिरवं झालं. शेवाळाला उजेड आणि खत दोन्ही आयतं मिळालं की ते येणारच, आणि जो उजेड शेवाळाने घेतला तोपण आपल्या विजेचाच. आता आतून काळा बाहेरून पांढरा रंग दिलाय, काळ्याने उजेड अडतो, पांढऱ्याने डबा तापत नाही आणि खाली पडलेला उजेड परत पानांच्या पाठीवर जातो.

खताचं थोडक्यात सांगते. पीएच ५.५ ते ६.५ मध्ये ठेवा, त्याच्या वर गेला की लोह पाण्यात असूनही रोपाला मिळत नाही आणि नवीन पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ईसी, म्हणजे पाण्यात किती खत विरघळलंय ते सांगणारं माप, लेट्यूससाठी १.२ ते १.८, अगदी लहान रोपांना त्याच्या निम्मी. आणि ए आणि बी अशा दोन बाटल्या येतात त्या का वेगळ्या असतात ते समजून घ्या. एकीत कॅल्शियम असतं, दुसरीत सल्फेट आणि फॉस्फेट. दोन्ही घट्ट द्रावणं एकमेकांत ओतली की पांढरा गाळ बसतो, जिप्सम वगैरे, आणि ते अन्न रोपाला परत मिळत नाही. मी घाईत एकाच मगात दोन्ही ओतली होती, ती बॅच फेकावी लागली. आधी पाणी, मग ए, नीट ढवळून मग बी.

खत वाढवून वाढ दुप्पट होते या समजाबद्दल मात्र मला थोडं जास्त लिहायचंय, कारण इथे इतिहास फार बोलका आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीमध्ये विल्यम गेरिके याने १९३० च्या सुमाराला पाण्यात पिकं वाढवून दाखवली, घरामागच्या टाक्यांमध्ये २५ फूट उंच टोमॅटोच्या वेली, आणि १९३७ मध्ये हायड्रोपोनिक्स हा शब्द त्यानेच रूढ केला. लोक अक्षरशः वेडे झाले, माती संपली आता असं वाटायला लागलं. मग त्याच विद्यापीठातले डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन यांनी दावे तपासले आणि १९३८ मध्ये पुस्तिका काढली, तिचं सार असं की चांगल्या मातीपेक्षा पाण्यात काही जादूने जास्त पिकत नाही, अन्न पुरेसं मिळालं की पुढची मर्यादा दुसऱ्या गोष्टी ठरवतात, आणि त्यात मुख्य म्हणजे उजेड. होगलंडचं द्रावण आजही प्रयोगशाळांमध्ये वापरतात. गेरिकेच्या त्या वेली आठवल्या की मला हेच दिसतं, त्या उघड्यावर होत्या, वर कॅलिफोर्नियाचं ऊन होतं. आपण त्या वेलींचे फोटो बघतो आणि खोलीत एक छोटा दिवा लावून तसंच मागतो.

म्हणून घरात दिव्याखाली टोमॅटो, मिरची, वांगी नको, असं माझं स्पष्ट मत आहे. टोमॅटोला रोज २० ते ३० मोल उजेड लागतो, लेट्यूसच्या दुप्पट, आणि तोही कितीतरी महिने, त्यात खोड, पानं, मुळं सगळ्याला वीज द्यायची आणि खायचं फक्त फळ. शिवाय घरात वारा नाही, मधमाशी नाही, फुलं हाताने हलवून परागीभवन करावं लागतं. पालेभाजीचं रोप जवळजवळ पूर्ण खाता येतं, म्हणजे दिलेल्या उजेडाचा मोठा भाग ताटात येतो. लेट्यूस, पालक, केल, बेसिल, पुदिना, एवढ्यांवर घरातला दिवा खर्च करावा. पालकाला गारवा लागतो, तो जरा हट्टी आहे. पुदिना कशातही येतो. आणि फळभाज्यांची हौस असेल तर त्या उन्हात लावा, हायड्रोपोनिक्सनेच लावा हवं तर, पण सूर्याखाली.

सूर्याचंच निघालं म्हणून, खिडकी असेल तर आधी खिडकी वापरा. काचेच्या अगदी लगत आणि मीटरभर आत यात उजेड कितीतरी पटीने उतरतो, त्यामुळे "खिडकीजवळ" म्हणजे खरंच काचेला टेकून. दिवसा जेवढं ऊन मिळेल तेवढं घ्यायचं आणि कमी पडेल तेवढीच भर सकाळ-संध्याकाळ दिव्याने घालायची. माझ्या एका खिडकीत तीन डबे असे आहेत, तिथला दिवा दिवसाला जेमतेम पाच तास लागतो.

उरलेल्या खणात मी दिवा रात्री लावते. रोपाला रात्र आणि दिवस कधी हे घड्याळाने ठरत नाही, सलग काळोखाचे आठ-दहा तास मिळाले की झालं. दिव्याने घेतलेली जवळपास सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच उतरते, ३० वॅटचा दिवा म्हणजे ३० वॅटचा हीटरच, तर उन्हाळ्यात ती भर दुपारी नको, रात्री गार असताना चालेल. थंडीत उलटं, तेव्हा ती उष्णता उपयोगी पडते. रात्रीची वीज जिथे स्वस्त असते तिथे तो फायदा वेगळा.

पुठ्ठे लावल्यावर एक नवीन अडचण मात्र आली ती सांगायलाच हवी. आतली हवा कोंडली आणि लेट्यूसच्या गाभ्यातल्या कोवळ्या पानांची टोकं करपायला लागली. मी कॅल्शियम वाढवलं, काही फरक नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर वाहत पानात येतं, आणि पानातून पाणी उडालं नाही तर वाहणारच नाही, मिटलेल्या गाभ्यात हवा नाही म्हणून कॅल्शियम पोचत नाही, डब्यात कितीही असू दे. २ वॅटचा एक छोटा पंखा, कॉम्प्युटरमध्ये असतो तसा, वरून खाली गाभ्यावर हलकं वारं येईल असा लावला. आठवड्याभरात नवीन पानं स्वच्छ. ३० दिवसांत त्याने दीड युनिटसुद्धा खाल्लं नाही, ही वीज मला अजिबात खटकत नाही.

तर दुसऱ्या खेपेचा हिशोब वहीत असा आहे. रोपं लहान असताना छोटा दिवा सव्वा युनिट, मोठा दिवा ३० दिवस १२.६, पंखा १.४, पंप शून्य. एकूण सव्वापंधरा. पानं १.८ किलो, कारण पुठ्ठ्यांमुळे उजेड जास्त मिळाला आणि या वेळी मी पूर्ण गड्डा एकदम न कापता बाहेरची पानं आधी तोडत गेले, मधला गाभा वाढत राहिला. एकदम सगळं कापलं की खण परत रिकामा आणि दिवा परत झाकणांवर. तोडत राहिलं तर खण हिरवा राहतो. फार उशीर मात्र करू नका, दीड महिन्यानंतर चव उतरायला लागते.

दादाला वही दाखवली. त्याने आधीचा आकडा बघितला, नंतरचा बघितला, आणि म्हणाला, "बाकीचं राहू दे, मला पुठ्ठे किती उंचीचे लागतील ते सांग." त्याच्याकडे पायऱ्यांखाली रिकामी जागा आहे. काल आम्ही ती मोजली, ४० बाय ८० सेंटीमीटर भरली, दोन बार लागतील, आणि बी त्याने आजच ओल्या स्पंजमध्ये ठेवलंय. मी त्याला मोठे दिवे अजून टांगू दिलेले नाहीत, पंधरा दिवस तरी ती रोपं माझ्याच छोट्या दिव्याखाली, एका ट्रेमध्ये राहतील.